एकच बाजू: हाँगकाँगच्या होड्या, स्कॉटलंडच्या शेळ्या आणि आईचं दूध

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये स्पीकरवर ऐकत असाल तर आधीच सांगते, आजचा भाग आईच्या दुधाबद्दल आहे. शेजारचे काका मान वळवून बघतील. बघू देत.

विषय तसा छोटा वाटेल. नवजात बाळ आईच्या एकाच बाजूला नीट पितं, दुसऱ्या बाजूला घेतलं की रडतं, पाठ ताणतं, तोंड फिरवतं. ज्यांच्या घरात नुकतं बाळ आलंय त्यांना हे लगेच कळेल. आणि त्यानंतर घरात काय होतं तेही कळेल. कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "अगं, त्या बाजूला तुला दूधच नाहीये." दोन दिवसांनी, "पोराचं पोट भरत नाही, वरचं सुरू करा." आठवड्याभरात डबा येतो, बाटली येते. बाटलीमुळे बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढल्यामुळे दूध खरंच कमी होतं, आणि मग सगळे म्हणतात, बघ, आम्ही म्हटलं नव्हतं का?

माझ्या चुलत बहिणीच्या बाबतीत हे अकराव्या दिवशी झालं. तिला डॉक्टर म्हणाले की दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या, घड्याळ लावून. सासूबाई म्हणाल्या, आधी उजवी. आई म्हणाली, बाळाला जे हवं ते दे. तिघांचं म्हणणं कुठून ना कुठून आलेलं होतं. मला इतिहासाचा नाद असल्यामुळे मी ते "कुठून" शोधत बसले. त्यातून हा भाग तयार झाला.

सुरुवात करू हाँगकाँगपासून.

हाँगकाँगच्या बंदरांत कित्येक पिढ्या होड्यांवरच राहणारा एक समाज होता. होडीवर जन्म, होडीवर लग्न, होडीवर मरण. अॅबर्डीन, ताय ओ, याऊ मा तेई या भागांत त्यांच्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या असायच्या. इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'तान्का' म्हटलेलं सापडेल, पण हा शब्द जमिनीवरच्या लोकांनी हिणवण्यासाठी वापरलेला. ते स्वतःला 'सुइ सेउंग यान' म्हणतात, म्हणजे पाण्यावरची माणसं. बायका वल्ही मारायच्या, जाळी ओढायच्या, स्वयंपाक करायच्या आणि हे सगळं पाठीला बाळ बांधून.

या बायका बाळाला फक्त उजव्या बाजूला पाजायच्या. एका बाळाला नाही, सगळ्या बाळांना. आयुष्यभर. कारण अगदी साधं होतं. त्यांच्या अंगातला सदरा उजव्या कुशीवर बंद होणारा होता. जुन्या चिनी पेहरावाची ही पद्धतच आहे: डावीकडचा पदर छातीवरून ओढून उजव्या काखेपाशी गुंड्या लावायच्या. गुंड्या सोडल्या की उजवी बाजू हाताशी येते. डावीसाठी सगळा सदरा काढावा लागेल. होडीत, वाऱ्यात, चार माणसांत कोण काढणार?

म्हणजे इथे एक बाजू बाळाने निवडली नव्हती, शिंप्याने निवडली होती.

(आपल्याकडे नऊवारीच्या चोळीची गाठ पुढे, अगदी मध्यावर. गाठ सोडली की दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या. पदर वरून घेतला की झालं. कपड्याने काय काय ठरतं ते बघा.)

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. या समाजातली पोरं एका बाजूच्या दुधावर वाढली. पिढ्यान्‌पिढ्या. एका बाजूचं दूध बाळाला पुरतं की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्या बंदरात रोज होड्यांवर उड्या मारत फिरत होतं. कुणी ते विचारलं नव्हतं एवढंच.

विचारलं ते वेगळ्याच लोकांनी, वेगळ्याच कारणासाठी. १९७७ च्या जुलैमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. लेखक तीन: रॉय इंग, जे. एच. सी. हो आणि निकोलस पेट्राकिस. त्यांना स्तनाच्या कर्करोगाबद्दल एक कोडं सोडवायचं होतं. ज्या बायकांनी मुलांना पाजलंय त्यांना हा रोग कमी होतो असं दिसत होतं, पण खात्री करणं अवघड. कारण पाजणाऱ्या आणि न पाजणाऱ्या बायकांमध्ये इतर शंभर फरक असतात. आहार वेगळा, पहिलं मूल होतानाचं वय वेगळं, मुलांची संख्या वेगळी, पैसा वेगळा. तुलना करणार कुणाशी?

हाँगकाँगच्या होड्यांवर ही तुलना आयती होती. एकाच बाईचं एकच शरीर, तोच आहार, तीच बाळंतपणं. फरक फक्त इतकाच, की एक बाजू पाजलेली आणि एक न पाजलेली. त्यांनी रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाच बाजूला पाजलेल्या आणि वयाची ५५ वर्षं ओलांडलेल्या बायकांमध्ये न पाजलेल्या स्तनात कर्करोगाचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं.

इथे थांबा. घाईने फॉरवर्ड करू नका. याचा अर्थ "एका बाजूला पाजलं की दुसऱ्या बाजूला कॅन्सर होतो" असा होत नाही. अर्थ असा, की पाजण्यामुळे जे संरक्षण मिळतं ते बहुधा त्या त्या बाजूला मिळतं. एका वाक्यातला हा फरक व्हॉट्सअॅपवर पहिल्यांदा मरतो, म्हणून सांगितलं. पुढे २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. कोळणींच्या उजव्या कुशीतल्या गुंड्यांनी दाखवलेली दिशा चुकीची नव्हती.

पण आपल्या गोष्टीसाठी त्या लेखातून मी दुसरंच काहीतरी उचललं. दोन स्तन म्हणजे एका टाकीचे दोन नळ नव्हेत. दोन वेगळी घरं आहेत. एकाच भिंतीला लागून असलेली, पण चूल वेगळी.

हे पुढे पुन्हा येईल. आधी "आधी उजवी" म्हणणाऱ्या सासूबाईंकडे जाऊ, कारण त्यांच्या पाठीशी दोनेक हजार वर्षं उभी आहेत.

जन्मानंतरच्या जातकर्म संस्काराचं वर्णन गृह्यसूत्रांत आहे. पारस्कर गृह्यसूत्रात बाळाला प्रथम उजवा स्तन द्यायचा आणि मग डावा, आणि प्रत्येकासाठी वेगळा मंत्र. उजवं आधी, कारण उजवं शुभ. नववधूचं उजवं पाऊल, प्रसादाला उजवा हात, त्यातलंच हे. यात शरीरशास्त्र शोधायला जाऊ नये. पण एक गोष्ट बघा, दोन्ही बाजूंना मंत्र आहे. डावीला वगळलेलं नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, दहाव्या अध्यायात, पाजण्याचा जो विधी आहे त्यातही उजवी बाजू पहिली येते. शुभ तिथी बघा, पूर्वेकडे तोंड करून बसा, बाळाचं तोंड उत्तरेकडे, हे सगळं आहेच. पण त्यात मध्येच एक वाक्य येतं ते वाचून मी चाट पडले. स्तन धुवायचा, आणि तोंडात देण्याआधी थोडं दूध पिळून काढायचं. का? तर छाती फार भरून कडक झालेली असेल आणि तशीच दिली, तर बाळाला खोकला येतो, धाप लागते, उलटी होते.

हे धर्म नाही, हे निरीक्षण आहे. कुणीतरी बाळंतिणीशेजारी बसून बघितलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, बाळाला बोंड तोंडात धरताच येत नाही. धरलं तर पिचकारी घशात जाते आणि ठसका लागतो. एकदा ठसका लागला की बाळ ती बाजू टाळायला लागतं. आजही एखादं बाळ एका बाजूला नको म्हणतं तेव्हा "दूध नाही" या निष्कर्षाच्या अगदी उलटं असू शकतं. दूध जास्त आहे, जोरात येतंय, म्हणून नको. सुश्रुतांचा उपाय, आधी थोडं पिळून घ्या, आजच्या परिचारिकाही हाच सांगतात.

गंमत म्हणजे आपण त्या अध्यायातलं "उजवं" लक्षात ठेवलं आणि "थोडं पिळून काढा" विसरलो.

आता उजवीकडून डावीकडे जाऊ. कारण जगातल्या आया बाळाला प्रत्यक्षात धरतात कुठे हे मोजायला एक माणूस बसला, तेव्हा उत्तर डावीकडे आलं.

हा माणूस म्हणजे ली साल्क, न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ. पोलिओची लस काढणारे जोनास साल्क यांचा धाकटा भाऊ. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात तो एका माकडिणीला बघत बसायचा. ऱ्हीसस माकड, नुकतीच व्यालेली. ती पिल्लाला कुठल्या बाजूला धरते याची तो नोंद ठेवायला लागला. ४२ वेळा बघितलं, त्यात ४० वेळा डावीकडे.

मग तो प्रसूतिगृहात गेला. २८७ नव्या आयांच्या हातात बाळ दिलं आणि कुठल्या बाजूला घेतात ते नोंदवलं. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी ८३ टक्के बायकांनी डावीकडे धरलं. ठीक आहे, उजवा हात मोकळा राहावा म्हणून असेल, असं आपणही म्हणू. पण डावखुऱ्या बायकांपैकी ७८ टक्के बायकांनीसुद्धा डावीकडेच धरलं! त्यांना का असं विचारलं तर उजव्या हाताच्या म्हणाल्या, म्हणजे माझा उजवा हात मोकळा राहतो. डावखुऱ्या म्हणाल्या, मी डावखुरी ना, डाव्या हाताने नीट धरता येतं. दोघींची कारणं उलट, बाजू तीच. कारण आपण नंतर शोधतो, हात आधीच ठरवून मोकळा झालेला असतो.

साल्कने हेही बघितलं की सुपरमार्केटमधून सामानाच्या पिशव्या घेऊन बाहेर पडणारे लोक कुठल्या हाताला धरतात. तिथे निम्मे-निम्मे. म्हणजे ही सवय ओझ्याची नाही, बाळाची आहे. मग त्याने चित्रं आणि शिल्पं धुंडाळली. कुशीत मूल असलेल्या ४६६ कलाकृतींपैकी ३७३ मध्ये मूल डावीकडे.

त्याचं स्पष्टीकरण असं, की आईचं हृदय डावीकडे, पोटात असताना ऐकलेला ठोका बाळाला तिथे पुन्हा ऐकू येतो. सुंदर कल्पना आहे, आणि सुंदर कल्पना लवकर पसरतात. नंतरच्या संशोधकांना ती तितकीशी पटली नाही. काहींचं म्हणणं, डावीकडे धरलेल्या बाळाचा चेहरा आपल्या डाव्या नजरेत येतो आणि ती माहिती मेंदूच्या उजव्या भागात आधी पोचते, जो भाग भावना ओळखण्यात तरबेज आहे. वाद अजून चालू आहे.

मला साल्कच्या कामातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वेगळाच वाटतो. १९७३ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याने लिहिलं, की ज्या आयांना प्रसूतीनंतरच्या पहिल्या २४ तासांत बाळापासून वेगळं ठेवलं होतं, त्यांच्यात हा डावा कल जवळजवळ दिसेनासा झाला होता. त्या काळात अमेरिकेतल्या दवाखान्यांत बाळांना वेगळ्या खोलीत, काचेआड ठेवायची पद्धत होती. स्वच्छतेच्या नावाखाली. नर्स ठरलेल्या वेळी बाळ आणून द्यायची, ठरलेल्या वेळी परत न्यायची.

ठरलेली वेळ. हे घड्याळ आईच्या कुशीत कुणी आणलं? माझ्या बहिणीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं "घड्याळ लावून" जिथून आलं, तिथे आता जाऊ. न्यूझीलंड.

फ्रेडरिक ट्रुबी किंग नावाचे डॉक्टर सीक्लिफ इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. रुग्णालयाला मोठी शेती जोडलेली होती, आणि साहेबांना तिथल्या वासरांच्या हगवणीत भारी रस. वासरांना ठरावीक मापाचं दूध, ठरावीक वेळी, स्वच्छ भांड्यातून दिलं की वासरं मरत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथून ते माणसाच्या बाळाकडे वळले. १९०७ मध्ये ड्यूनेडिनला संस्था निघाली, जी पुढे प्लंकेट सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांचा नियम: बाळाला दर चार तासांनी पाजायचं आणि रात्री अजिबात नाही. मध्ये रडलं तर रडू द्यायचं.

त्यांच्यावर अन्याय करायचा नाही मला. ते अंगावरच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते होते, बाटलीचे नव्हे. आणि त्या काळात घाणेरड्या बाटल्यांनी खरंच मुलं मरत होती. पण त्यांची ही शिस्त ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आणि त्यात आईच्या छातीला डेअरीचं वेळापत्रक लागलं. पुढे त्याला आणखी एक शेपूट जोडलं गेलं: एका बाजूला दहा मिनिटं, मग दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं. दोन्ही बाजूंना समान न्याय.

यात एक-बाजूवालं बाळ आपोआप गुन्हेगार ठरतं. आणि आई नापास.

हा दहा मिनिटांचा नियम हलवला तो एका सुईणीने. ऑक्सफर्डच्या क्लोई फिशर. १९८८ मध्ये त्यांनी आणि मायकेल वूलरिज यांनी 'लॅन्सेट'मध्येच एक लेख लिहिला. त्यांच्याकडे अशा आया यायच्या ज्यांचं बाळ सतत रडतं, पोट फुगतं, हिरवी पातळ शी करतं, आणि आई म्हणते की मी तर सगळं नियमाप्रमाणे करतेय. नियम हाच घोटाळा होता. सुरुवातीचं दूध पातळ असतं, साय कमी, साखर जास्त. जसजशी छाती रिकामी होत जाते तसतसं दूध दाट होतं. दहा मिनिटांनी बाळाला उचलून दुसऱ्या बाजूला लावलं की त्याला दोन्हीकडचं पातळच मिळतं. पोट भरतं पण तृप्ती नाही, आणि एवढी साखर आतड्याला झेपत नाही. उपाय काय, तर पहिली बाजू बाळाला हवी तितका वेळ पिऊ द्या. ते आपणहून सोडेल. मग दुसरी दाखवा. घेतलं तर घेतलं, नाही तर नाही.

बघा, "बाळाला जे हवं ते दे" हे माझ्या काकूचं वाक्य, लॅन्सेटमध्ये.

आता त्या दोन वेगळ्या चुलींकडे परत येऊ. हाँगकाँगच्या बायकांचं डावीकडचं दूध आटायचं आणि उजवीकडचं वर्षानुवर्षं चालायचं, हे कसं? दूध आणणारं प्रोलॅक्टिन रक्तातून येतं, आणि रक्त तर दोन्ही बाजूंना सारखंच जातं. मग एकीकडे पूर आणि एकीकडे दुष्काळ?

याचं उत्तर स्कॉटलंडमध्ये मिळालं, शेळ्यांकडून. एअर गावाजवळ हॅना संशोधन संस्था होती, दुभत्या जनावरांवर काम करणारी. शेळी का? गायी-म्हशीला चार सड, शेळीला दोनच, माणसासारखे, आणि दोन्हींची दूधग्रंथी स्वतंत्र. १९८० च्या दशकात माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाजूची धार दिवसातून दोनदा काढली, दुसऱ्या बाजूची तीनदा. तीनदा काढलेल्या बाजूचं दूध वाढलं. फक्त त्याच बाजूचं.

तुम्ही म्हणाल, बाजू रिकामी झाली, दाब कमी झाला, म्हणून वाढलं असेल. त्यांनाही तीच शंका आली. म्हणून जास्तीचं दूध काढल्यावर त्यांनी तितकंच निरुपद्रवी पाणीदार द्रावण त्या बाजूला परत भरलं. दाब पूर्वीइतकाच. तरी दूध वाढलेलंच राहिलं. म्हणजे साठलेल्या दुधातच असं काहीतरी होतं जे ग्रंथीला सांगत होतं, "पुरे, अजून आधीचंच पडलंय." दूध बाहेर गेलं की तो निरोपही बाहेर जातो आणि काम पुन्हा सुरू होतं. हा निरोप नक्की कुठल्या रसायनाचा यावर पुढे बरंच काम झालं, सेरोटोनिनचंही नाव पुढे आलं. पण मूळ गोष्ट टिकली: प्रत्येक बाजू आपापला हिशोब ठेवते.

हे आपल्या कुठल्याही गोठ्यात माहीत असतं. माझ्या आजोळी एका म्हशीचा एक सड दुखावला आणि काढायचा राहून गेला, तर तो आटला, बाकीचे तीन चालू. आजीला त्यात नवल वाटलं नव्हतं. तीच आजी सुनेला मात्र "त्या बाजूला दूध का नाही?" असं विचारायची.

बायकांच्या बाबतीत हे मोजलं ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, पीटर हार्टमन यांच्या गटाने. हार्टमनही आधी गायींच्या दुधावरच काम करून आलेले. (वासरं, शेळ्या, गायी. बाईच्या दुधाबद्दल विज्ञानाने विचार केला तो बहुतेक गोठ्याच्या वाटेने, कारण गोठ्यात पैसा होता. मला याचा राग येतो, सांगून टाकते.) त्यांनी दाखवलं की एकाच आईच्या दोन स्तनांत दूध तयार होण्याचा वेग वेगवेगळा असतो. एक बाजू जास्त देणारी, एक कमी, हा बिघाड नाही.

त्याच गटाने २००६ मध्ये ७१ आया आणि त्यांच्या १ ते ६ महिन्यांच्या बाळांचा २४ तासांचा हिशोब मांडला. बाळं दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होती, साधारण ११ वेळा. छातीत असलेल्या दुधापैकी सरासरी ६७ टक्केच घेत होती, बाकीचं ठेवून देत होती. आणि ३० टक्के बाळं दरवेळी एकच बाजू घेत होती. या वेळी ही, पुढच्या वेळी ती. दरवेळी दोन्ही बाजू घेणारी बाळं किती? फक्त १३ टक्के. घड्याळाचा समान न्याय बाळांना स्वतःहून सुचलेला नव्हता.

आणि एक बाजू किती देऊ शकते? याच पर्थच्या गटाने १९८६ मध्ये जुळ्यांच्या ८ आया आणि तिळ्यांची १ आई यांचं दूध मोजलं. जुळ्यांची आई म्हणजे बहुतेक वेळा एका बाळाला एक बाजू. तिळ्यांच्या त्या आईचं दूध अडीचाव्या महिन्यात दिवसाला ३.०८ किलो भरलं. तीन किलो!

मग बाळ एक बाजू का निवडतं? कारणं बरीच. एका बोंडाचा आकार चपटा. एकीकडे धार जोरात. कधी प्रसूतीच्या वेळी बाळाच्या गळपट्टीच्या हाडाला इजा झालेली असते, तर त्या कुशीवर टेकवलं की दुखतं. कधी मान एका बाजूला आखडलेली असते. आणि मुळात बहुतेक नवजात बाळांना उताणं ठेवलं तर मान उजवीकडे वळवायला आवडते. आता गंमत बघा. आईच्या डाव्या हातावर आडवं घेतलेल्या बाळाला स्तनाकडे वळायचं तर उजवीकडेच वळावं लागतं. साल्कच्या डावीकडे धरणाऱ्या आया आणि उजवीकडे वळणारी बाळं, दोन्ही एकमेकांना जुळतात.

म्हणून सुइणींची एक जुनी युक्ती चालते. आवडत्या बाजूला बाळ पीत असेल तसंच, त्याला न उलटवता, दुसऱ्या बाजूकडे सरकवायचं. पाय आईच्या काखेखालून मागे. बाळाला वाटतं बाजू तीच आहे. पुष्कळदा फसतं बिचारं. नावडती बाजू झोपेत असताना द्यायची, आणि तोवर हाताने दूध काढत राहायचं म्हणजे तिथला "पुरे" हा निरोप साठत नाही. नाहीच जमलं, तर एका बाजूवर वाढलेल्या हाँगकाँगच्या पोरांची आठवण ठेवायची, आणि बाळाचं वजन वाढतंय ना, लंगोट ओले होतायत ना, तेवढं बघायचं. वजन वाढत नसेल तर मात्र अंदाज करत न बसता बाळाला दाखवून आणायचं.

एक गोष्ट सांगायलाच हवी, घाबरवायला नाही. १९७४ मध्ये गोल्डस्मिथ नावाच्या एका शल्यविशारदाने नोंदवलं, की आधी दोन्ही बाजूंना छान पिणाऱ्या बाळांनी अचानक एक बाजू नाकारली आणि पुढे आईच्या त्याच स्तनात कर्करोग सापडला, अशा बायका त्याने पाहिल्या. हे दुर्मीळ आहे, फार दुर्मीळ. पहिल्या दिवसापासून एक बाजू न आवडणं हे ते नव्हे. पण महिनोन्‌महिने नीट पिणारं बाळ एकाएकी एक बाजू सोडतं, आणि तिथे गाठ लागते जी दूध काढल्यावरही विरघळत नाही, तर "दूध साकळलं असेल" म्हणून घरी शेकत बसू नका. दाखवा.

माझ्या बहिणीच्या लेकीने उजवी बाजू पाचव्या आठवड्यात घेतली, आपणहून, दुपारी झोपेत. तोवर डबा माळ्यावर गेला होता. पुढच्या भागात त्या डब्याबद्दलच बोलू: दुधाची पावडर, तिच्या जाहिराती, आणि १९९२ मध्ये आपल्या संसदेने त्यावर केलेला कायदा. तोपर्यंत हा भाग घरातल्या मोठ्या माणसांना ऐकवा. हेडफोन न लावता.